जुन्नर आणि भोवतालची लेणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्नरला येणारी बहुतेक मंडळी शिवनेरी बघतात, लेण्याद्रीला गणपतीचं दर्शन घेतात आणि संध्याकाळच्या आत पुण्याच्या नाहीतर मुंबईच्या रस्त्याला लागतात. गावाभोवतीच्या डोंगरांच्या पोटात दोन हजार वर्षांपूर्वी खोदलेली राहती घरं आहेत, आणि ती कोणी दान केली हे भिंतींवर नावानिशी लिहून ठेवलेलं आहे. हे फार थोड्यांना ठाऊक असतं. लेणी बघायला आलेल्यांकडून, शाळेच्या सहलींतल्या मुलांकडून आणि कधी गावातल्याच लोकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

जुन्नर नेमकं कुठे आहे आणि किती जुनं आहे?

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, कुकडी नदीच्या काठी. पुण्याहून साधारण ९५ किलोमीटर. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला आत वळायचं, तिथून १५ किलोमीटर. भोवतालची सर्वांत जुनी लेणी इसवी सनापूर्वीची आहेत आणि खोदकाम इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंत चाललं. म्हणजे गाव सव्वादोन हजार वर्षांच्या आसपास सलग नांदतं आहे. याच्या बरोबरीची कितीतरी गावं पांढरीच्या टेकाडाखाली गाडली गेली. जुन्नरला मात्र आजही बाजार भरतो.

या लेण्यांमध्ये त्या काळी गावातली माणसं राहत होती का?

नाही. गाव तेव्हाही नदीकाठच्या सपाटीवरच होतं. लेण्यांत राहत ते बौद्ध भिक्खू. पावसाळ्याचे महिने भटकंती थांबवून एका जागी राहायचं, या वर्षावासाच्या नियमापायी त्यांना पक्का निवारा लागे. सह्याद्रीच्या कुशीतला धो धो पाऊस आणि माती-लाकडाची कुडाची झोपडी यांचं जमत नाही, हे इथे एक आषाढ काढलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. काळा पाषाण हा निवारा कायमचा देत होता.

म्हणून ही लेणी रानावनात एकांतासाठी खोदलेली होती, असं समजण्याची चूक करू नका. मानमोडीचा डोंगर गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तुळजा लेणी पश्चिमेला चारेक किलोमीटरवर, लेण्याद्री उत्तरेला पाच किलोमीटरवर, आणि शिवनेरी तर गावाला खेटूनच. सकाळी भिक्षापात्र घेऊन गावात उतरायचं आणि ऊन चढायच्या आत परतायचं, एवढंच हे अंतर. एका शिलालेखात तर नगरातल्या भिक्खुणींच्या निवासाचा उल्लेख आहे. तो निवास धर्मोत्तरीय या बौद्ध पंथाचा होता. म्हणजे संघाचा एक पाय डोंगरात आणि दुसरा थेट वस्तीत होता. गाव वजा केलं तर ही लेणी कळतच नाहीत.

एकूण लेणी किती? आणि इथेच एवढी का?

लहानमोठी सगळी धरून १८० च्या वर. मोजणाऱ्यागणिक आकडा थोडा बदलतो, कारण सुटं टाकं किंवा अर्धवट सोडलेली खोली मोजायची की नाही यावर एकमत नाही. भारतात एका गावाभोवती एवढी लेणी दुसरीकडे नाहीत. लेण्याद्रीवर एका ओळीत तीसेक आहेत. शिवनेरीच्या तिन्ही अंगांना पन्नासाहून जास्त आहेत. मानमोडीवर भीमाशंकर, अंबिका आणि भूतलिंग असे तीन गट आहेत, आणि पाडळीजवळ तुळजा लेणी.

इथेच का, याचं उत्तर पश्चिमेला तीसेक किलोमीटरवरच्या नाणेघाटात आहे. सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल सह्याद्री चढून देशावर यायचा तो या घाटाने. घाटमाथ्यावर आलं की पहिलं मोठं गाव जुन्नर, आणि तिथून पुढे वाट पैठणकडे. घाट चढून आलेला बैलांचा तांडा जिथे विसावा घेतो, माल उतरवतो आणि नवा भरतो, तिथे पैसा थांबतो. तोच पैसा पुढे डोंगरात छिन्नी-हातोड्याच्या रूपाने दिसतो. घाटाच्या तोंडाशी आजही एक मोठा दगडी रांजण आहे. जकात त्यात टाकत, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं.

नाणेघाटातला शिलालेख एवढा महत्त्वाचा का मानतात?

घाटमाथ्यावरच्या गुहेत डाव्या-उजव्या भिंती भरून ब्राह्मी लिपीतला लांबलचक लेख आहे. तो सातवाहन राणी नागनिकेचा, पहिल्या सातकर्णीच्या बायकोचा. अश्वमेध, राजसूय असे यज्ञ केले आणि दक्षिणा म्हणून हजारांनी गाई, हत्ती, घोडे, गावं, कार्षापण नाणी दिली, याचा हा हिशेब आहे. हिशेब म्हटल्यावर आकडे आलेच. त्यांतली काही चिन्हं, विशेषतः २, ४, ६, ७ आणि ९, आपल्या आजच्या अंकांच्या वळणाची आहेत. अंकलेखनाचा इतिहास लिहिणारे म्हणून या गुहेशी थांबतात.

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. सिमुक, नागनिका आणि सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. वर नावं कोरलेली आहेत आणि खाली पावलांच्या खुणांपलीकडे फारसं काही उरलेलं नाही. १८२८ मध्ये विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने ही गुहा अभ्यासकांच्या नजरेस आणली. घाटाखालच्या गावकऱ्यांना ती अर्थातच त्याआधीपासून माहीत होती.

लक्षात घेण्यासारखं आहे ते हे की राजघराणं वैदिक यज्ञ करत होतं, आणि त्याच रस्त्यावरचे व्यापारी बौद्ध संघासाठी लेणी खोदून देत होते. दोन्ही एकाच मुलुखात सुखाने चाललं होतं.

लेण्यांचा खर्च कोणी केला? राजाने?

हा आमचा सर्वांत आवडता प्रश्न. जुन्नरच्या डोंगरांत तीसहून जास्त शिलालेख आहेत. ते वाचत गेलं की राजे कमी भेटतात आणि गावची, वाटेवरची माणसंच जास्त.

लेण्याद्रीचं चैत्यगृह (स्तूप असलेलं पूजेचं सभागृह), म्हणजे ६ क्रमांकाचं लेणं, दिलं ते कल्याणच्या सुलसदत्ताने. तो हेरणिकाचा, म्हणजे सोन्याचा व्यवहार बघणाऱ्याचा मुलगा. कल्याण नाणेघाटाच्या खालच्या अंगाला, म्हणजे घाटाखालच्या व्यापाऱ्याने घाटावरच्या गावात दान दिलं. शिवनेरीवरचं चैत्यगृह वीरसेनक नावाच्या प्रमुख गृहस्थाने दिलं. ‘सर्व लोकांच्या हितसुखासाठी’ दिलं, असं त्याने कोरून घेतलं आहे. या चैत्याच्या सपाट छतावर चौकटींत काढलेल्या वर्तुळांचे रंग अजून ओळखू येतात. तिथे मान वर करून पाच मिनिटं उभे राहा.

धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. श्रेणी म्हणजे एकाच धंद्यातल्या लोकांचा संघ, आणि हे संघ पेढीचंही काम करत. दानाची रक्कम श्रेणीकडे कायमची ठेवायची, मुद्दलाला हात लावायचा नाही, आणि व्याजातून भिक्खूंचा खर्च भागवायचा. इथल्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडून दरमहा पावणेदोन आणि कासारांच्या श्रेणीकडून पाव अशा रकमेची नेमणूक आहे. जमिनीही दिल्या गेल्या. आडुथुम नावाच्या एका शक उपासकाने २० निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) जमीन करंजाच्या झाडांच्या नावे आणि ९ निवर्तनं वडाच्या नावे लावून दिली.

राजदरबाराशी जोडलेलं दानही आहे. मानमोडीवर महाक्षत्रप नहपान या शक राजाचा अमात्य (मंत्री), वत्स गोत्राचा अयम, याचा लेख आहे: एक पोढी (पाण्याचं टाकं) आणि एक मंडप, वर्ष ४६. नहपानाच्या काळाची चर्चा करताना सगळे अभ्यासक ज्या थोड्या लेखांवर विसंबतात, त्यांतला हा एक. पण अमात्यानेही दिलं काय, तर पाण्याचं टाकं आणि बसायला मंडप.

शिलालेखांतले ‘यवन’ म्हणजे कोण?

ग्रीक किंवा ग्रीकांच्या वळणाचे पश्चिमेकडून आलेले लोक. जुन्नरला तीन लेखांत यवन दाते आहेत. इरिल याने दोन पोढ्या दिल्या, चिट याने संघासाठी भोजनमंडप दिला, आणि चंद याने मानमोडीच्या भूतलिंग गटातल्या चैत्यगृहाचा दर्शनी भाग दिला. लेखांची भाषा प्राकृत आहे, धाटणी इतर दात्यांसारखीच, आणि देणंही तेच. नावाच्या आधी ‘यवनस’ नसतं, तर त्यांना वेगळं काढताच आलं नसतं. चंदाच्या दानाच्या कमानीत मध्यभागी लक्ष्मी आहे, दोन्ही बाजूंना हत्ती आणि हात जोडलेली माणसं. एका यवनाने दिलेल्या बौद्ध चैत्याच्या दारावर गजलक्ष्मी. चैत्य आतून अर्धवटच राहिलेला आहे. तरी मानमोडीवर एकच गोष्ट बघायला वेळ असेल, तर ही बघा.

एवढं सगळं खोदलं कसं?

वरून खाली. आधी डोंगराचा उतार उभा तासून दर्शनी भिंत तयार करायची, मग छताच्या पातळीला आत शिरायचं आणि खाली उतरत यायचं. त्यामुळे परांची बांधावी लागत नाही आणि छत आधी पुरं होतं. अर्धवट सोडलेल्या लेण्यांत हा क्रम स्वच्छ दिसतो: छत गुळगुळीत, आणि खाली दगडाचे ठोकळे तसेच उभे. लोखंडी छिन्नीचे तिरपे, समांतर घाव अनेक भिंतींवर जसेच्या तसे आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात ते उठून दिसतात.

चैत्यगृहाच्या गजपृष्ठाकार छताला दगडातच कोरलेल्या फासळ्या दिसतात. त्यांचा आधाराला काही उपयोग नाही. लाकडी सभागृहाला तुळया असतात, म्हणून दगडी सभागृहालाही केल्या.

भिक्खूची खोली आतून कशी असते?

एका माणसापुरती. आठ-नऊ फुटांची चौरस खोली, माणसाला वाकून जावं लागेल असं दार, आत एका भिंतीशी दगडातच सोडलेला ओटा. त्यावर झोपायचं. कुठे भिंतीत एखादा कोनाडा. दाराच्या चौकटीला वर-खाली खोबणी आहेत, त्यांत लाकडी दाराची खुंटी फिरत असे. आत बसून दार ओढून घेतल्याची कल्पना करा: उन्हाळ्यात गारवा, पावसाळ्यात कोरडं, आणि बाहेरच्या पडवीतून सबंध खोरं नजरेच्या टप्प्यात.

पोढी म्हणजे काय? लेण्यांत पाणी कुठून यायचं?

कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. शब्द शिलालेखांतलाच आहे, आणि लेणी अभ्यासणारे आजही तोच वापरतात. डोंगरावरून येणारं पावसाचं पाणी पन्हळीने वळवून टाक्यात घ्यायचं. तोंड लहान ठेवून पोट आत मोठं खोदायचं, म्हणजे ऊन लागत नाही, पाणी आटत नाही आणि शेवाळही कमी धरतं. दात्यांच्या यादीत लेण्याच्या जोडीने पोढी पुन्हा पुन्हा येते, आणि काहींनी तर नुसती पोढीच दिली आहे. आठ महिने कोरड्या डोंगरात पाण्याची सोय करणारा माणूस खोली देणाऱ्यापेक्षा कमी कसा म्हणायचा? कित्येक टाक्यांत आजही चैत्रापर्यंत पाणी टिकतं. कृपा करून त्यांत बाटल्या आणि पिशव्या टाकू नका.

जुन्नरच्या लेण्यांत बुद्धाची मूर्ती का दिसत नाही?

इथलं खोदकाम मूर्तिपूजेचा काळ येण्याआधीच थांबलं. तेव्हा बुद्धाची आठवण स्तूपाच्या रूपाने पूजत. अजिंठा, वेरूळ इथे पुढच्या काळात मूर्ती आल्या. जुन्नरने जुनं, साधं रूप राखलं. आमच्या मते हेच जुन्नरचं खरं वैभव. कोरीवकामाच्या हौसेने आलेल्यांची इथे निराशा होऊ शकते, पण सुरुवातीचा संघ कसा राहत होता हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच कुठे दिसतं.

तुळजा लेण्यात वेगळं काय आहे?

३ क्रमांकाचं चैत्यगृह गोल आहे. मध्ये स्तूप, त्याच्याभोवती १२ अष्टकोनी खांबांचं रिंगण, वर घुमटाकार छत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातलं हे काम, आणि या घडणीचं डोंगरात कोरलेलं चैत्य महाराष्ट्रात दुसरं नाही. खांबांवर नक्षी नाही, लेख नाही. स्तूपाला प्रदक्षिणा घालण्यासाठी जेवढी जागा हवी तेवढीच कोरली आहे. शेजारच्या लेण्यात पुढे तुळजादेवी आली आणि डोंगरालाच तिचं नाव पडलं.

लेण्याद्रीचा गणपती बौद्ध लेण्यात कसा?

अष्टविनायकांतला गिरिजात्मज ७ क्रमांकाच्या लेण्यात आहे, आणि ते लेणं मुळात भिक्खूंचा विहार आहे. ५० फुटांहून लांब-रुंद सभामंडप, मध्ये एकही खांब नाही, आणि तीन बाजूंना मिळून २० खोल्या: डावीकडे ७, उजवीकडे ७, मागे ६. भिक्खूंची वस्ती उठल्यावर पुष्कळ काळाने मागच्या भिंतीत गणपतीची स्थापना झाली.

यावरून भांडण उकरून काढणारेही भेटतात. इतिहास एवढंच सांगतो की रिकाम्या पडलेल्या जागेत दुसरी श्रद्धा वस्तीला आली आणि तिने ती जागा जिवंत ठेवली. मानमोडीच्या एका गटात नंतरच्या काळात जैन मूर्ती कोरल्या गेल्या आणि अंबिका हे नाव रूढ झालं. शिवनेरीवरच्या शिवाई देवीचं ठाणंही लेण्यांच्याच रांगेत आहे. दर्शन घ्या, आणि दर्शन झाल्यावर शेजारचं चैत्यगृह बघितल्याशिवाय पायऱ्या उतरू नका. रांगेत तासभर उभे राहिलेले शेकडो लोक तिथून दहा पावलांवरून परत जातात, याचं फार वाईट वाटतं.

ही लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली, असं ऐकलं आहे.

महाराष्ट्रातल्या बहुतेक लेण्यांबद्दल ही गोष्ट सांगतात. ज्यांनी खोदवली त्यांची नावं भिंतींवरच आहेत.

जुन्नर सातवाहनांची राजधानी होती का?

राजधानी म्हणून पक्कं नाव पैठणचं. काही अभ्यासक जुन्नरला सातवाहनांचं सुरुवातीचं मुख्य ठाणं मानतात, पण तसं स्पष्ट सांगणारा शिलालेख नाही. नाणेघाट ताब्यात ठेवणं सत्तेसाठी किती मोलाचं होतं, हे मात्र निर्विवाद. क्षत्रप नहपानाने हा मुलूख सातवाहनांकडून घेतला आणि गौतमीपुत्र सातकर्णीने तो परत जिंकला. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला सापडलेल्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांत बहुसंख्य नाणी नहपानाचीच, वर गौतमीपुत्राचा शिक्का मारलेली आहेत.

पुढे गावाचं काय झालं?

लेण्यांचं खोदकाम तिसऱ्या शतकानंतर थांबलं. सातवाहनांची सत्ता संपली, समुद्रापलीकडचा व्यापार ओसरला, आणि दान देणारा वर्गही आटला. घाट मात्र वाहता राहिला, म्हणून गाव टिकलं.

बहमनी काळात जुन्नर मोठं लष्करी ठाणं होतं. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी इथे आला आणि पावसाळ्यात राहिला. विकायला आणलेला त्याचा घोडा इथल्या असदखानाने काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा आणि वर हजार मोहरा, असं बजावून चार दिवसांची मुदत दिली. खुरासानच्या एका ख्वाजाने रदबदली केली म्हणून तो सुटला. चार महिने न थांबणारा पाऊस आणि एकेकानेच चढावं लागणारी अरुंद वाट, अशी त्याने टिपून ठेवलेली वर्णनं वाचली की ओळख पटते.

१४९० मध्ये मलिक अहमद स्वतंत्र झाला आणि निजामशाही उभी राहिली ती जुन्नरातच. अहमदनगर वसल्यावर राजधानी तिकडे गेली. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. १६३६ च्या तहानंतर गड मोगलांकडे गेला. १६५७ मध्ये महाराजांनी रात्री तटाला शिड्या लावून जुन्नर शहरावर छापा घातला आणि तीन लाख होन व २०० घोडे नेले. गड मात्र त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले आले, त्यांत शिवनेरी आहे. वर चढताना कड्यात दिसणारी चौकोनी दारं म्हणजे महाराजांच्या जन्माच्या वेळीही दीड हजार वर्षं जुनी असलेली लेणी.

बघायला कधी यावं आणि काय सांभाळावं?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. भर पावसात मानमोडी आणि शिवनेरीच्या कड्यातल्या वाटा निसरड्या असतात, तिथे जाऊ नका. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि माकडं भरपूर, तेव्हा हातात खाऊची पिशवी नको. कड्यांना आग्या मोहोळं असतात. धूर, अत्तर, आरडाओरडा टाळा, आणि खाली कोणी अडवलं तर ऐका. उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर आहे, म्हणून तुळजा आणि मानमोडीहून अंधार पडायच्या आत खाली या.

दोन दिवस काढता आले तर पहिल्या दिवशी सकाळी लेण्याद्री, दुपारनंतर तुळजा. दुसऱ्या दिवशी पहाटे शिवनेरी आणि मग घाटघरमार्गे नाणेघाट. मानमोडीला गावातला वाटाड्या घेऊन जा, वाटा झुडपात हरवतात. सोबत विजेरी ठेवा. शिलालेखांवर खडू, पीठ किंवा पाणी लावून अक्षरं ‘उठवण्याचा’ प्रयत्न करू नका. विजेरीचा प्रकाश भिंतीला जवळजवळ समांतर धरला की ब्राह्मी अक्षरं आपोआप वर येतात.